धरणातली भरती

मुळशीच्या धरणाला भरती-ओहोटी होती, असं मी पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडं आणि मग माझ्या हातातल्या पेल्याकडं बघतो. पेल्यात ताकच असतं. भूगोल मीही शिकलोय. नुसता शिकलो नाही, तर चौथीच्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलाय. भरती समुद्राला येते, खाडीला येते. डोंगरांच्या मध्ये अडवलेल्या गोड्या पाण्याला येत नाही, हे मी फळ्यावर चंद्र आणि पृथ्वी काढून समजावून द्यायचो. आणि ते समजावून द्यायला मी ज्या बोटीनं शाळेत जायचो, ती बोट मात्र भरतीच्या वेळेला सुटायची.

ही करामत एका माणसाची. आईबापांनी त्याला काहीतरी नाव दिलं असणार, पण ते ऐकलेला माणूस मला भेटला नाही. खाडीतल्या बोटीवर जो मुख्य असतो त्याला तांडेल म्हणतात. हाही तांडेल. मालक त्याला तांडेल म्हणत, उतारू तांडेल म्हणत, आणि त्याच्यावर चिडलेली माणसंसुद्धा तांडेल एवढंच म्हणून पुढचे शब्द गिळत.

पन्नास सालानंतर दोन-चार वर्षांनी मी तिथं मास्तर म्हणून गेलो. राहायला खोली धरणाच्या भिंतीजवळ आणि शाळा पलीकडच्या काठावर. मधे पाणी. काठाकाठानं पायी वळसा घालायचा म्हणजे दिवस मोडायचा. पहिल्या दिवशी मी सकाळी लवकर उठून, आंघोळ करून, टोपी सारखी करून धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. बोट होती. बोटीत एक दांडगा, काळा कुळकुळीत माणूस मासळी साफ करत बसला होता. अंगात पितळी गुंड्यांचा दरबारी कोट, खाली चौकड्याची लुंगी, डोक्याला लाल रुमाल.

"बोट किती वाजता सुटते?" मी विचारलं.

"आज काय हाय?" त्यानं विचारलं.

"सोमवार."

त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "वार नको सांगू, मास्तर. तिथी सांग."

मला तिथी ठाऊक नव्हती. पुण्यातल्या माणसाला सणाची तिथी माहीत असते, अधल्यामधल्या तिथ्या तो पंचांगावर सोडून देतो. तांडेलानं बोटांची पेरं मोजली आणि सांगितलं, "द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. बस तिकडं दगडावर."

बरोबर नऊला बोट सुटली. घड्याळ माझ्याच खिशात होतं, त्याच्याकडं नव्हतं.

हा पाऊणपटीचा हिशेब खाडीवरच्या सगळ्या माणसांना पाठ असतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला, चतुर्थीला दुपारी तीनला. भरतीच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. खाडीत ह्याला फार अर्थ असतो, कारण पाणी नसेल तेव्हा बोट घातली तर ती चिखलात रुतून बसते. तांडेल कोकणातल्या खाडीतून आलेला. त्यानं तो हिशेब जसाच्या तसा घाटावर आणला आणि धरणाला लागू केला. भरतीला अलीकडून पलीकडं, ओहोटीला पलीकडून अलीकडं. दिवे लागल्यावर फेरी नाही. त्यामुळं काही तिथ्यांना बोट दुपारी पलीकडं जायची ती रात्रभर तिथंच राहायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला परतायची. त्या माझ्या मुक्कामाच्या तिथ्या. माझी एक वळकटी शाळेतच असे.

ओळख वाढल्यावर मी एकदा त्याला फळ्यावरचा भूगोल ऐकवला. त्यानं सगळा ऐकून घेतला. मग म्हणाला, "मास्तर, हितं एवढा पाऊस पडतो, त्याचं पाणी येतं कुठून?"

"समुद्रावरून. ढग येतात, ताम्हिणीच्या डोंगराला अडतात."

"म्हंजे आमच्याकडचंच पाणी. आणि धरणातलं पाणी जातं कुठं?"

धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातून खाली कोकणात विजेच्या कारखान्याला जातं आणि तिथून नदीनं खाडीला मिळतं, हे मला सांगणं भाग पडलं.

"म्हंजे आमच्याकडंच. येतं आमच्याकडून, जातं आमच्याकडं. मधे चार महिने घाटावर पाहुणं आलं म्हणून त्यानं घरची रीत सोडायची काय?"

मी म्हटलं, "पण तांडेल, पाणी हलत तर नाही ना!"

"पाहुण्यांच्या घरी कोण आंग मोकळं करून बसतो?"

ह्यावर भूगोलाच्या पुस्तकात उत्तर नाही.

ही बोट म्हणजे लाकडाची, डिझेलच्या इंजिनाची लाँच. चाळीसेक माणसं बसतील एवढी. ती इथं आली त्याची गोष्ट मी ऐकीव सांगतो. कुठल्याशा संस्थानिकाला हौस आली, त्यानं ती कोकणातून विकत घेतली, सुटी करून ट्रकवर घातली आणि बोरघाटानं वर आणली. सुटे भाग परत जोडायला म्हणून तांडेल बरोबर आला. लग्न झालेल्या मुलीबरोबर सासरी चार दिवस पाठराखीण जाते, तसा. पाठराखीण परत जाते, हा गेला नाही. पुढं बोटीचे मालक बदलत गेले. दर वेळी बोटीबरोबर हाही नव्या मालकाकडं जाई. कुणी त्याला ठेवून घेतलं असं नाही, आणि जा म्हणायला कुणी धजलंही नाही. "मी बायची पाठराखीण," असं हा मिशाळ माणूस सगळ्यांना गंभीरपणे सांगायचा.

बाय म्हणजे बोट. प्रत्येक मालकानं तिला आपल्या आवडीचं नाव दिलं. संस्थानिकानं राणीसाहेबांचं, पुढच्यानं 'दिलखुश', त्याच्या पुढच्यानं 'जलपरी'. एका नावावर दुसरं रंगवत गेल्यामुळं उन्हात नीट बघितलं तर तिन्ही वाचता येत. तांडेलानं एकही नाव कधी तोंडात घेतलं नाही. बाय ती बाय. मालकांकडून त्यानं घेतलं ते एवढंच, की प्रत्येकाची एकेक वस्तू त्याच्याकडं राहिली. संस्थानिकाचा दरबारी कोट राहिला. लुंगी दुसऱ्या मालकाची.

हे दुसरे मालक म्हणजे पौडच्या बाजारातले कोळशाचे व्यापारी. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. पलीकडच्या रानात लाकडं जाळून कोळसा पाडत, त्याची पोती आणायला त्यांनी बोट घेतली. मी गेलो तेव्हा त्यांचंच राज्य होतं. मास्तर म्हणून मला पोत्यावर बसायचा मान होता, त्यामुळं माझी सगळी धोतरं मागच्या बाजूनं एकाच रंगाची झाली. शेठना मी एकदा विचारलं, की तुम्हाला ह्या तिथीच्या कारभाराचा त्रास होत नाही का? शेठ दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "मास्तर, आमचा रोजा चंद्रावर, आमची ईद चंद्रावर. म्या कोन बोलनार? कोळसा काय नासतोय व्हय?"

पलीकडच्या गावाला तर त्रास नव्हताच. घड्याळ साऱ्या गावात एकच, ते शाळेत, आणि ते बहुधा बंद. तिथी मात्र पोरासोरांना माहीत. आज चतुर्थी म्हणजे सकाळी ढोरं रानात, दुपारून शाळा. आज अष्टमी म्हणजे झुंजूमुंजू होताच शाळा, दुपारी मास्तर मोकळे. मी मुकाट्यानं शाळेचं वेळापत्रक पंचांगाला जोडलं.

असं सुरळीत चाललं असताना शाळा तपासायला साहेब आले. न कळवता यायची त्यांची ख्याती. आले ते नेमके चतुर्थीला, सकाळी साडेदहाला, खिशातलं घड्याळ हातात घेऊन. धक्क्यावर मी नव्हतो, आदल्या दिवसापासून पलीकडं मुक्कामाला. बोट मात्र तिथली ओहोटी आटपून अलीकडं येऊन लागली होती. पुढचं मला तांडेलानं सांगितलं. साहेब म्हणाले, चला. हा म्हणाला, तीनला. साहेबांनी हुद्दा सांगितला. ह्यानं तिथी सांगितली. साहेब तापले, ओरडले, शेवटी दमून पोत्यावर बसले. तांडेलानं त्यांना सुक्या बांगड्याचं कालवण देऊ केलं. साहेब शाकाहारी. मग त्यानं नुसता भात दिला आणि वर, रिकाम्या पोटी चिडू नये, असा सल्ला दिला.

साडेतीनच्या सुमाराला साहेब शाळेच्या दारात उभे राहिले. मी पाढे म्हणून घेत होतो. साहेबांनी पट मागितला, पोरं मोजली. एकही गैरहजर नाही. आमच्या तालुक्यात अशी हजेरी त्यांनी पाहिली नसावी, कारण त्यांनी पुन्हा मोजली. मग विहिरीचं पाणी पिऊन मला बाजूला घेतलं.

"मास्तर, हे कुठल्याही नियमात बसत नाही."

"नाही साहेब."

"पण वर्ग भरलाय, त्याचं मी काय करू?"

"काही करू नये साहेब."

त्यांनी काही केलं नाही. त्या रात्री ते माझ्याच वळकटीवर झोपले, मी बाकावर. सकाळच्या ओहोटीला तांडेलानं त्यांना हात धरून बोटीत घेतलं. "पुढच्या टायमाला अष्टमीला या," तो म्हणाला, "गार असतं."

तांडेल पंचांग बघत नसे. रात्री चंद्र बघायचा, पेरं मोजायची, झालं. पण मुळशीत पावसाळा असा, की आभाळ एकदा खाली आलं की दिवसच्या दिवस चंद्र काय, समोरचा डोंगर दिसत नाही. एका श्रावणात सलग इतके दिवस कोसळत होता की तांडेलाचं एक पेर चुकलं. दशमीला त्यानं सव्वाआठला बोट सोडली. पलीकडच्या बायका बोटीवरून तिथी धरत. सव्वाआठची बोट म्हणजे एकादशी. झालं! सगळ्या काठानं दशमीला उपास केला आणि एकादशीला व्यवस्थित पुरणावरणाचं जेवली. चार दिवसांनी पौडच्या बाजारात कुणीतरी हे उघडकीला आणलं.

पलीकडच्या गावात चंद्राबाई म्हणून एक म्हातारी होती. तोंडानं फटकळ, आणि गावात कुणाला न घाबरणारी. ती धक्क्यावर येऊन कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"तांडेला, आमचा उपास बुडीवलास की रं!"

"चुकलं, आजी."

"चुकलं म्हंजी? आता देवाला काय सांगू?"

"सांग, तांडेलाचं चुकलं."

"त्ये तर सांगितलंच. पर तू काय करनार?"

तांडेल हा तिन्ही त्रिकाळ मासे खाणारा माणूस, उपासाशी त्याचा संबंध नाही. पण पुढच्या एकादशीला त्यानं सगळ्या काठाच्या वतीनं पाण्याचा थेंबही न घेता उपास केला. संध्याकाळी त्याचा चेहरा इतका उतरला, की चंद्राबाईनंच रताळी उकडून आणली आणि समोर बसून खायला लावली. तेव्हापासून भांडण मिटलं असं नाही, पण दोघांच्या भांडणाला घरगुती वास यायला लागला.

शेठनी कोळशाचा धंदा आवरल्यावर बोट पुण्याच्या एका हॉटेलवाल्यांनी घेतली. 'जलपरी' त्यांची. बाकांवर गाद्या आल्या, छताला झालर आली, ग्रामोफोन आला. पुण्याच्या माणसांना नौकाविहार घडवायचा त्यांचा बेत. गृहस्थ हुशार, तांडेलाचं तिथीचं खूळ त्यांनी आधीच हेरलं आणि त्याच्यावर तोड काढली. वर्तमानपत्रात जाहिरात दिली : पौर्णिमेचा नौकाविहार, सोबत गाणी आणि गरम भजी.

पौर्णिमेला भरती सव्वाअकराला. पंधराची पाऊणपट करून बघा.

भर उन्हात सव्वाअकराला तांडेलानं बोट सोडली. बोटीत होता फक्त आचारी, तोही भज्यांचं पीठ कालवत बसल्यामुळं. धरणाच्या मध्यभागी जाऊन तांडेलानं हुकुमाप्रमाणे ग्रामोफोन लावला. आचाऱ्यानं हुकुमाप्रमाणे भजी तळली. दोघांनी खाल्ली. संध्याकाळी पुण्याहून मोटारी भरून माणसं आली, शाली घेऊन, एकानं तर सतार आणली होती. चंद्र वर आला, धरण चांदीचं झालं, आणि तांडेल धक्क्यावर बसून सांगत होता, "पौर्णिमा झाली की दुपारीच!"

हॉटेलवाल्यांचा उत्साह फार दिवस टिकला नाही. त्यांची आठवण म्हणून ग्रामोफोनचा कर्णा तांडेलाकडं राहिला. तो त्याचा भोंगा झाला. तोंडाला कर्णा लावून तो "चलाऽऽ" म्हणाला की आवाज डोंगराला आपटून परत यायचा.

आता ज्यासाठी हे सगळं सांगायला बसलो तिथं येतो. साठ सालानंतर पलीकडच्या गावांनी मिळून सोसायटी काढली आणि बोट सोसायटीची झाली. पहिल्यांदाच ज्यांची गरज त्यांचीच मालकी. अध्यक्ष आबा. आबा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, मनगटावर घड्याळ बांधणारे काठावरचे पहिले गृहस्थ, मनानं चांगले. त्याच सुमाराला पुण्याहून धरणापर्यंत सकाळची एसटी सुरू झाली. आठला ती परत फिरायची. गावात म्हशी होत्या, दूध होतं, पुण्यात गिऱ्हाईक होतं. बोट रोज सकाळी सातला पलीकडून सुटली तर दूध एसटीवर चढणार होतं. आबांचं म्हणणं एवढंच होतं आणि त्यात काही चूक नव्हती.

"तांडेल, सात म्हंजी सात. रोज," आबा म्हणाले.

"बाय जाणार नाय."

"बाय कुटं न्हाई म्हनती? तूच म्हनतुयास!"

"मी तिला भरती-ओहोटी सोडून कधी पाण्यात घातली नाय. आता म्हातारपणी घालू?"

बैठकांवर बैठका झाल्या. मी दोन्हीकडून समजावून बघितलं. आबा हट्टाला पेटले नव्हते, पण दूध खरंच नासत होतं. शेवटी सोसायटीनं ठरवलं की बोट कोकणात विकायची, तिथं तिला खरीखुरी भरती मिळेल, आणि आपण दुसरी, घड्याळावर चालणारी घ्यायची. आबांना वाटलं, ह्यात तांडेलाचंही भलं. मलाही तसंच वाटलं.

तांडेलाला तर आनंदच झाला. "बाय माहेरी चालली," तो ज्याला त्याला सांगत सुटला. कोट धुतला, पितळी गुंड्या चिंचेनं घासल्या. मला म्हणाला, "मास्तर, एकदा या आमच्याकडं. पाणी कसं चढतं ते दाखवतो. मग फळ्यावर काढा." मला आतून फार वाईट वाटत होतं. मी 'येतो' म्हणालो.

तृतीयेच्या दुपारी गिऱ्हाईक आलं. तांडेलाच्याच खाडीवरचा एक तरुण, नीटनेटका, बोलायला गोड. आमच्याबरोबर बोटीनं पलीकडं आला, इंजिन ऐकलं, फळ्या ठोकून बघितल्या, पसंत म्हणाला. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर सगळे बसलो. तांडेल त्याच्या शेजारी, गावाकडच्या एकेका माणसाची चौकशी करत. बोलता बोलता त्यानं विचारलं, "आणि पहिली भरती कोण घेतो आता? एकादशीची सव्वाआठ?"

तरुण हसला. "मामा, तिथी कोण बघतो आता? गाळ काढलाय. नवी इंजिनं आलीत. बंदरावर टाइमटेबल लावलंय. साडेआठ म्हणजे साडेआठ."

"ओहोटीला?"

"ओहोटीला पण."

"आणि माणसं?"

"माणसं घड्याळ बघून येतात. नव्या पोरांना तुमचा तो पाऊणपटीचा हिशेब येत पण नाही."

तांडेलापुढं चहा आला तो तसाच गार झाला. मग उठून तो पाण्याकडं गेला. मी मागोमाग गेलो. बोटीच्या फळीवर हात ठेवून तो उभा होता. इतकी वर्षं मी त्याला बोलताना, भांडताना, हसताना बघितलं होतं. असा कधी बघितला नव्हता.

"मास्तर," तो म्हणाला, "मला वाटायचं, मी घरचं हितं आणून जपतोय. घरी तर कुणीच नाय ठेवलं."

मग फळीवरून हात फिरवत तो म्हणाला, "आबाला सांगा, उद्या सातला सोडतो. घड्याळानं. रोज सोडीन. पण बायला हितून हलवू नको म्हणावं."

मी आबांना सांगितलं. आबा नुसते "बरं, बरं" म्हणत राहिले. गावात दवंडी दिली : उद्यापासून बोट सकाळी सातला. गिऱ्हाइकाला आबा म्हणाले, उद्याची फेरी बघू, मग बोलू.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. तिथीप्रमाणे पलीकडून सुटायची वेळ नऊ. सात वाजायच्या आधीच तांडेल कोट घालून तयार होता. माझं घड्याळ मागून घेतलं आणि हातात धरून बसला. काठावर कुणी नाही. त्यानं कर्णा तोंडाला लावून हाक दिली. डोंगरानं उत्तर दिलं, माणसानं नाही. वरच्या वाडीतून धूर निघत होता, कुत्रं भुंकत होतं, म्हशी रेकत होत्या. पुन्हा हाक दिली. सात झाले.

"जायचं," तो म्हणाला. बोटीत तो, मी आणि ते गिऱ्हाईक.

सगळ्या वाटेत त्यानं मान वर केली नाही. धक्क्यावर एसटी उभी होती. आठ वाजता ती रिकामीच गेली. तांडेलानं माझं घड्याळ मला परत दिलं आणि बोट वळवली.

पलीकडचा काठ जवळ आला तसं मला आधी रंग दिसले. लुगडी, पागोटी, चकाकणाऱ्या पितळी कासंड्या. सारं गाव काठावर उभं होतं, नऊची बोट धरायला. सगळ्यांच्या पुढं स्वतः आबा, दुधाची कासंडी घेऊन, मनगटावर घड्याळ बांधून.

तांडेल बघतच राहिला. बोट काठाला घासली तेव्हा भानावर आला. "आबा, मी टायमावर आलो होतो," तो म्हणाला.

"तू आलास रं," आबा खाली बघत म्हणाले. "आमीच न्हाई आलो. म्या उटलो व्हतो. पर कारभारीन म्हनली, आज चतुर्थी हाय, आत्ता कुटं निगालाय? मंग पुन्यांदा पडलो."

"दवंडी ऐकली की आमी," चंद्राबाई गर्दीतून पुढं आली. "पर सात म्हंजी कवा, ह्ये कुटं सांगितलं? आन तू रं? चतुर्थीला सकाळी सकाळी आमाला टाकून कुटं गेलतास?"

हे तिनं इतक्या रागानं विचारलं की तांडेलाला रडू फुटलं. एवढा दांडगा माणूस, रुमाल डोक्याचा काढून डोळ्यांना लावून उभा राहिला. मी दुसरीकडं बघितलं, पण माझंही काही वेगळं झालं नव्हतं.

खाडीवरचा तो तरुण हळूच उतरला आणि आबांना म्हणाला, "बोट मी नेत नाही. बोट नेता येईल, ही माणसं कुठून नेऊ?"

"आन दुधाचं?" कुणीतरी विचारलं.

"खवा आटवा," चंद्राबाई म्हणाली. "रान भरून लाकडं हायेत. खव्याला कुटं यष्टीची घाई हाय?"

आबांनी मान डोलावली. पुढं आमच्या काठचा खवा पुण्यात नाव काढून विकला गेला, पण त्या क्षणी कुणी तिकडचा विचार करत नव्हतं. सगळे तांडेलाकडं बघत होते. त्यानं रुमाल डोक्याला बांधला, कोटाच्या गुंड्या लावल्या, आणि काठावर उकिडवा बसून पाण्यात हात घातला. पाणी परातीत ठेवल्यासारखं स्तब्ध होतं.

"ओहोटी लागली," तो म्हणाला.

सगळ्या गावानं पाण्याकडं बघितलं.

"व्हय, लागली," आबा म्हणाले, आणि कासंडी सावरत आधी बोटीत चढले.